ट्रेलर समुद्राकडे का वळत नाही? किनारी मालवाहतुकीच्या धोरणाबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जहाजाने माल नेणं टनामागे स्वस्त पडतं, धूर कमी होतो, रस्ते मोकळे होतात, हे सगळ्यांना मान्य आहे. सरकारं वर्षानुवर्षं अनुदानंही देत आली आहेत. तरी पाचशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यातला माल ट्रकवरच का राहतो? आणि अभ्यासगटाच्या शिफारशींत नवी बंदरं, जहाज कंपन्यांना अनुदान आणि ट्रकवर जास्त कर, या तिघांपैकी पहिला मान कुणाला द्यावा?

मी तिघांनाही पहिला मान देणार नाही. प्रश्न ‘जहाज की ट्रक’ असा मांडला की तिथेच फसगत होते. मालधन्यापुढे एका बाजूला एक ट्रक, एक ट्रान्सपोर्टर आणि एक फोन नंबर असतो. दुसऱ्या बाजूला अख्खी साखळी असते: कारखान्यापासून बंदरापर्यंत ट्रक, गेटवरची रांग, यार्डातला मुक्काम, जहाज, पुन्हा यार्ड, पुन्हा ट्रक. या साखळीतला समुद्राचा टप्पा खरोखरच स्वस्त आहे. पैसा आणि वेळ खातात ती दोन टोकं, आणि बहुतेक धोरणं मात्र मधल्या पाण्यावर खर्च करतात.

आधी एक मर्यादा सांगून टाकतो. मी इथे ट्रेलर आणि कंटेनरमधल्या मालाबद्दल बोलतोय. कोळसा, सिमेंट, तेल, खडी यांचं गणित वेगळं आहे. कारखाना किंवा वीजकेंद्र किनाऱ्याला लागून असेल तर तो माल आपसूक जहाजावर जातो, त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. सरकारी आकडेवारीत हा सुटा माल मिसळला की किनारी वाहतूक जोरात चालल्याचं चित्र दिसतं आणि रस्त्यावरचा एक ट्रेलरही कमी झालेला नसतो. अहवालात हे दोन आकडे वेगळे ठेवा.

आता हिशेब. चलन बाजूला ठेवून नुसती एककं घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या मार्गावर ते बदलतील. समजा रस्त्याने दारापासून दारापर्यंत एका ट्रेलरला किलोमीटरमागे १ एकक खर्च येतो. समुद्रावर किलोमीटरमागे ०.४. प्रत्येक बंदरात चढउतार, बंदर शुल्क आणि यार्ड मिळून १२०. बंदर ते कारखाना हे अंतर दोन्ही टोकांना ५० किलोमीटर, पण या आखूड फेरीचा दर किलोमीटरमागे २ धरा, कारण ट्रकचा अर्धा दिवस रांगेत जातो आणि तो बऱ्याचदा रिकामा परततो. म्हणजे एका टोकाला १२० अधिक १००, दोन्ही टोकांना ४४०. रस्त्याचं आणि समुद्राचं अंतर सारखं असेल तर दोन्ही पर्यायांचा खर्च साधारण ७३३ किलोमीटरला जुळतो. त्याच्या आत ट्रक स्वस्त, पुढे जहाज.

त्या ७३३ एककांतली ४४० टोकांना गेली, म्हणजे साठ टक्के. आता बाकी काहीही न बदलता बंदराच्या गेटवरची रांग कमी करा. दिवसाला दोन फेऱ्या मारणारा ट्रक चार मारू लागला की आखूड फेरीचा खर्च निम्म्यावर येतो. टोकांचा खर्च ३४० होतो आणि बरोबरीचं अंतर ५६७ किलोमीटरवर उतरतं. हाच परिणाम जहाजाचं भाडं कमी करून साधायचा तर ते भाडं ४४ टक्क्यांनी उतरवावं लागेल. इतकं अनुदान कुठलंच सरकार फार काळ देऊ शकत नाही. गेटवर वेळ ठरवून ट्रक बोलावणं, नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे, रात्रपाळीत उघडं राहणारं गेट, कागद आधीच तपासून ठेवणं, हे सगळं त्या मानाने चिल्लर खर्चाचं काम आहे. फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही.

भूगोल कसा आहे यावर बरंच काही ठरतं हे मान्य केलंच पाहिजे. रस्ता आखाताला किंवा उपसागराला वळसा घालत असेल आणि जहाज सरळ कापत असेल तर वरचं गणित एकदम सोपं होतं. समुद्राचं अंतर रस्त्याच्या साठ टक्के असेल तर मूळ ४४० च्या खर्चातही बरोबरी ५७९ किलोमीटरला येते. बार्सिलोना ते रोमजवळचं चिविटावेक्किया ही रो-रो सेवा (ट्रेलर चाकांवरच जहाजात आत-बाहेर ओढायची) टिकली त्याचं एक मोठं कारण हेच: रस्ता फ्रान्सच्या किनाऱ्याने वळसा घेतो, जहाज सरळ भूमध्य समुद्र ओलांडतं. खंबातच्या आखातात घोघा ते दहेज हा रस्ता तीनशे किलोमीटरहून जास्त आणि समुद्रमार्ग सुमारे ३० किलोमीटर. कागदावर याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. २०१७ मध्ये तिथे फेरी सुरू झाली, पण दहेजच्या बाजूला गाळ साचून खोली कमी पडू लागली, सेवा बंद पडली आणि २०२० च्या नोव्हेंबरात फेरी घोघा ते हजिरा या मार्गावर नेली गेली. धक्का बांधण्याचा खर्च एकदाच होतो, गाळ दरवर्षी येतो. शिफारशीत धक्क्याच्या ओळीखाली गाळ काढण्याची वार्षिक तरतूद आणि कमीत कमी खोलीची हमी नसेल तर ती ओळ अर्धवट आहे. उलट, महामार्ग किनाऱ्याला समांतर आणि सरळ असेल आणि दोन्ही शहरं आतल्या भागात असतील, तर तिथे किनारी सेवेसाठी जोर लावू नका. तो पैसा रेल्वेच्या जोडणीवर घाला.

यानंतर वारंवारता. मालधनी भाड्याआधी विचारतो, ‘जहाज सुटतं कधी?’ आठवड्यातून एकदा सुटणाऱ्या जहाजासाठी तयार माल सरासरी साडेतीन दिवस थांबतो, एक दिवसाआड सुटणाऱ्यासाठी एक दिवस, रोज सुटणाऱ्यासाठी अर्धा दिवस. ट्रक मात्र माल भरला की निघतो. आठवड्याला एक फेरी देणारी सेवा टायर, कागद, टाइल्स असा न कुरकुरणारा माल उचलू शकते. किराणा साखळीचा किंवा वाहन कारखान्याचा माल तिच्याकडे फिरकणार नाही. म्हणून नव्या मार्गावर एक मोठं जहाज आणण्यापेक्षा दोन मध्यम जहाजं बरी. टनामागे ती महाग पडतात हे खरं, पण मोठं जहाज अर्धं रिकामं गेलं तर तो हिशेब तसाही कोसळतो.

वारंवारता आणि बंदरातला वेळ एकमेकांना कसे बांधलेले आहेत ते जवळून बघा, कारण धोरण लिहिणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं. ४०० सागरी मैलांचा मार्ग, जहाजाचा वेग २० नॉट (तासाला २० सागरी मैल), म्हणजे समुद्रात २० तास. प्रत्येक बंदरात ४ तास. जाऊन-येऊन ४८ तास, म्हणून दोन जहाजांत दोन्ही टोकांहून रोज एक फेरी सुटते. आता बंदरातला मुक्काम ४ चे ६ तास झाला. फेरी ५२ तासांची झाली आणि दोन जहाजांत रोजचं वेळापत्रक बसेना. उपाय तीनच: तिसरं जहाज आणा, फेऱ्या कमी करा, किंवा प्रत्येक खेपेला समुद्रात दोन तास वाचवा. तिसरा उपाय निवडला तर वेग २० वरून सुमारे २२.२ नॉट करावा लागतो. जहाजाचं ताशी इंधन ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे तेवढ्याच अंतराचं इंधन वर्गाच्या प्रमाणात. ११ टक्के वेगासाठी जवळपास २३ टक्के जास्त इंधन. यार्डातल्या दोन तासांच्या ढिलाईची किंमत अशी चिमणीतून बाहेर पडते. ‘जहाज हरित असतं’ हे वाक्य म्हणूनच जपून वापरा. वेगाने पळणारं, अर्धं रिकामं रो-रो जहाज टन-किलोमीटरमागे चांगल्या भरलेल्या ट्रकच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त धूर सोडतं.

हे दोन तास जातात कुठे? रो-रो जहाजात ट्रेलर चढवायला टगमास्टर लागतात, यार्डात ट्रेलर ओढणारे ते बुटके ट्रॅक्टर. समजा जहाजात ट्रेलर उभे करायच्या रांगांची एकूण लांबी २,८०० मीटर आहे. १३.६ मीटरचा सुटा ट्रेलर (चालक आणि पुढचा ओढणारा ट्रॅक्टर यांच्याशिवायचा) जागेसकट १४ मीटर धरला तर २०० बसतात. तेवढेच उतरवायचे आणि तेवढेच चढवायचे, एकूण ४०० ओढी. १३ टगमास्टर प्रत्येकी तासाला ८ ओढी करत असतील तर काम ४ तासांत उरकतं. ट्रेलर उभे करायची जागा रॅम्पपासून लांब असेल आणि तासाला ५ च ओढी होत असतील तर सहा तास उलटून जातात. जहाज, माणसं, यंत्रं सगळं तेच, फक्त यार्डाची आखणी वाईट. रॅम्पला लागूनची जमीन गोदामाला किंवा पार्किंगला भाड्याने दिलेली असणं हे याचं ठरलेलं कारण. बंदराला त्या जमिनीचं भाडं दिसतं. दोन तासांचं इंधन जहाज कंपनीच्या वहीत लागतं, म्हणून बंदराला ते बोचत नाही. बंदराच्या जमिनीच्या कराराला धक्क्यावरच्या वेळेची अट जोडणं हे धोरणाचं काम आहे.

ट्रेलर चालकासकट न्यायचा की सुटा, यावर एकच सरधोपट उत्तर नाही. ट्रॅक्टरसकट गाडी १६.५ मीटरची, जागेसकट १७ धरली तर त्याच जहाजात १६४ मावतात. शिवाय चालकाला केबिन आणि जेवण द्यावं लागतं, आणि त्याचा ट्रॅक्टर समुद्रावर नुसता उभा राहतो. लांबच्या मार्गावर सुटा ट्रेलरच परवडतो. पण त्यासाठी ट्रान्सपोर्टरचं पलीकडच्या टोकाला ऑफिस किंवा भरवशाचा भागीदार असावा लागतो, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे तो नसतो. धोरण फक्त सुट्या ट्रेलरला सवलत देत असेल तर ती मोठ्या ट्रान्सपोर्टरच्या खिशात जाते आणि लहान मालक रस्त्यावरच राहतो. लहान ट्रान्सपोर्टरांनी मिळून पलीकडे ट्रॅक्टर ठेवावेत म्हणून सुरुवातीची मदत दिली तर खर्च थोडा आणि उपयोग बराच.

मधल्या लांबीच्या रात्रीच्या फेरीला मात्र चालकासकट गाडी चालते, आणि तिथे रस्त्याचे कायदे समुद्राच्या मदतीला येतात. युरोपीय संघाच्या २००६ च्या ५६१ क्रमांकाच्या नियमानुसार चालकाला एरवी दिवसाला ९ तास चालवता येतं आणि ११ तासांची रोजची विश्रांती घ्यावी लागते. फेरीवर झोपायची सोय असेल तर ही विश्रांती चढता-उतरताना दोनदा, मिळून एक तासापर्यंत, मोडलेली चालते. म्हणजे साडेनऊ-दहा तासांची रात्रीची फेरी पकडणारा चालक रांगेतला वेळ धरून सकाळी उतरतो तो ताजा, कायदेशीरपणे गाडी पुढे काढायला मोकळा. तीच फेरी सात तासांची केली तर तो पलीकडे उतरून बंदरातच उरलेली विश्रांती पूर्ण करत बसतो. वेळापत्रक आखताना ‘जितकं लवकर तितकं चांगलं’ हे सूत्र इथे फसतं. त्याहून महत्त्वाचं, महामार्गावर चालकांच्या तासांची तपासणी ढिली असेल तर ट्रकचा दर खोटा स्वस्त राहतो. ती तपासणी कडक करणं ही समुद्री वाहतुकीच्या बाजूने करता येणारी, जवळपास फुकटची सुधारणा आहे. नव्या करापेक्षा मी तिला वर ठेवेन.

कंटेनर वापरायचा तर आधी त्याची रुंदी बघा. युरोपात चालणारा पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, ८०० बाय १,२०० मिलिमीटरचा. १,२०० च्या दोन बाजू शेजारी ठेवल्या तर २.४ मीटर आतली रुंदी हवी. महासागरी जहाजांवरचा नेहमीचा ४० फुटी कंटेनर आतून २.३५ मीटरचा. त्या पाच सेंटिमीटरमुळे ट्रेलरमध्ये ३३ पॅलेट मावतात तिथे कंटेनरमध्ये फार तर २५. मालधनी सरळ भागाकार करतो आणि नाही म्हणतो. म्हणून या धंद्यात ४५ फुटी रुंद कंटेनर आला, त्यात ३३ बसतात. तो रस्त्यावर नियमाच्या लांबीत थोडा जास्त भरत होता, म्हणून युरोपीय संघाने २०१५ मध्ये इंटरमोडल वाहतुकीसाठी (तोच कंटेनर ट्रक, रेल्वे, जहाज असा बदलत नेण्यासाठी) १५ सेंटिमीटरची सूट दिली. इंटरमोडल कंटेनरला एरवीच्या ४० टनांऐवजी ४४ टनांपर्यंत मुभा तर आधीपासून होती. ही मुभा महत्त्वाची, कारण कंटेनर आणि त्याखालची चौकट मिळून ट्रेलरपेक्षा जड असतात आणि ते वजन मालाच्या वाट्यातून वजा होतं. तुमच्या भागात कोणता पॅलेट चालतो, कोणती गाडी चालते ते मोजून मगच कंटेनरची शिफारस करा.

कागदपत्रांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून आवरतं घेतो. मिलानहून बार्सिलोनाला जाणारा ट्रक कुठेच कस्टमपुढे थांबत नाही. तोच माल जहाजावर चढून प्रादेशिक समुद्राबाहेर गेला की तो संघातलाच आहे हे सिद्ध करावं लागतं. ‘नियमित सेवा’ म्हणून मान्यता मिळालेल्या जहाजालाच यातून सूट असते. ही मान्यता देणं जलद आणि सोपं करणं हा तुमच्या यादीतला सगळ्यात स्वस्त मुद्दा असेल. जहाजाची सगळी कागदपत्रं एकाच ठिकाणी भरायच्या ‘एक खिडकी’च्या बाबतीत युरोपाचा धडा उपयोगी आहे. २०१० च्या निर्देशाने प्रत्येक देशाला २०१५ पर्यंत खिडकी उघडायला लावली. प्रत्येकाने आपापल्या साच्याची खिडकी उघडली, आणि जहाज कंपन्यांना तीच माहिती वेगवेगळ्या रूपात भरत बसावं लागलं. शेवटी २०१९ च्या १२३९ क्रमांकाच्या नियमाने माहितीचा साचाच एक करायला घेतला, आणि तो ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. आधी माहितीचे रकाने ठरवा, मग संगणक विकत घ्या.

इथवरचा सूर एका ओळीत सांगायचा तर: टोकांवरचा वेळ आणि पैसा आधी, मग फेऱ्यांची संख्या, मग गाडी-कंटेनरची मापं आणि कागद. हे झाल्याशिवाय अनुदानाला हात लावू नका.

अनुदानाबद्दल युरोपाकडे बराच अनुभव जमा आहे, आणि तो सगळा गोड नाही. रस्त्यावरचा माल जहाज-रेल्वेकडे वळवण्यासाठीचा मार्को पोलो कार्यक्रम २००३ ते २०१३ असा दोन टप्प्यांत चालला. दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरून हटवलेल्या दर ५०० टन-किलोमीटरला २ युरो, असा दर होता. २० टनांचा ट्रेलर १,००० किलोमीटर रस्त्यावरून हटला तर ८० युरो. मोजायला सोपं, पण नवी फेरी अर्धी रिकामी चालवण्याचं नुकसान भरून काढायला तोकडं. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये हा कार्यक्रम निष्प्रभ ठरवला; त्यांनी तपासलेल्या लाभार्थ्यांपैकी बहुतेक जण अनुदान नसतं तरी सेवा सुरू करणारच होते. दुसरं उदाहरण फ्रान्समधल्या नान्त-सेंट नाझेर आणि स्पेनमधल्या गिजोन यांच्यातल्या सेवेचं. दोन्ही सरकारांच्या पाठबळावर ती २०१० मध्ये सुरू झाली, गाड्याही मिळाल्या, आणि मदतीची मुदत सरली तशी २०१४ मध्ये थांबली.

नवीन सेवेचं दुखणं समजून घ्या. पहिल्या दिवशीच पूर्ण वेळापत्रक चालवावं लागतं, माल मात्र हळूहळू येतो. मालधनी आधी दहा ट्रेलर पाठवून बघतो, सहा महिने वेळापत्रक पाळलं जातं का ते जोखतो आणि मग करार करतो. त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वर्षं तोटा ठरलेला. अनुदान द्यायचं तर या खड्ड्यापुरतं. युरोपीय संघाची मदतीची चौकट म्हणूनच नव्या सेवेला जास्तीत जास्त तीन वर्षं आणि चालवण्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत मर्यादा घालते. यात माझी भर इतकीच: पैसा टनावर देण्याऐवजी ठरल्या वेळी सुटलेल्या फेरीवर द्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पायरीपायरीने उतरवा. टनावर दिला की जहाज कंपनी जहाज भरेपर्यंत थांबते, फेरी उशिरा सुटते, आणि जे विकायचं होतं तेच, म्हणजे भरवसा, मोडतं.

पैसा कुणाच्या हाती द्यायचा हा तितकाच मोठा प्रश्न. इटलीने २००७ ते २०१० या काळातल्या मालासाठी इकोबोनस योजनेत तो थेट ट्रान्सपोर्टरला दिला: मार्गावर वर्षभरात ठरावीक खेपा केल्या तर फेरीच्या भाड्याचा काही भाग परत. नंतरच्या मारेबोनसमध्ये पैसा जहाज कंपनीकडे गेला, आणि त्यातला मोठा हिस्सा ट्रान्सपोर्टरपर्यंत पोचवण्याची अट आली. माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे. माल कुठल्या वाटेने जायचा ते ट्रान्सपोर्टर किंवा फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था लावणारा मध्यस्थ) ठरवतो, त्यामुळे सवय त्याची बदलायला हवी. पण हजारो लहान दावे तपासायला यंत्रणा लागते. ती नसेल तर जहाज कंपनीमार्फत द्या, फक्त बिलावर सवलत वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे अशी सक्ती ठेवा. आणि समांतर चालणारी जुनी फेरी किंवा रेल्वे सेवा असेल तर आधी तिचा माल मोजून ठेवा. नव्या अनुदानित फेरीने जुन्या फेरीचे ट्रेलर ओढले तर आकडे छान दिसतात आणि रस्ता तसाच राहतो.

ट्रकवर करवाढीबद्दल: कर हत्यार म्हणून वाईट नाही, पण दुसरी वाट चालू नसताना लावला तर तो निव्वळ महागाई होतो. त्याआधी आपलेच नियम जहाजाला उलटे मारत नाहीत ना ते तपासा. अमेरिकेत बंदर देखभाल कर मालाच्या किमतीवर ०.१२५ टक्के लागतो, आणि तो एका देशी बंदरातून दुसऱ्या देशी बंदरात गेलेल्या मालालाही लागतो. एक लाख डॉलरच्या कंटेनरला १२५ डॉलर. तोच कंटेनर ट्रकने गेला तर शून्य. त्यात १९२० च्या जोन्स कायद्यामुळे जहाज देशातच बांधलेलं हवं, त्याची किंमत वेगळी. युरोपात २०१५ पासून बाल्टिक आणि उत्तर समुद्रात इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.१ टक्क्यावर आली आणि जहाज कंपन्यांना महाग इंधनाकडे वळावं लागलं. २०२४ पासून ५,००० ग्रॉस टनेजपुढची जहाजं कार्बन बाजारात आली, म्हणजे धुरासाठी परवाने विकत घ्यावे लागू लागले: पहिल्या वर्षी ४० टक्के उत्सर्जनाचा हिशेब, २०२५ साठी ७०, २०२६ पासून पूर्ण. रस्त्यावरचं इंधन तशा व्यवस्थेत नंतर येणार. नियम आपल्या जागी योग्यच आहेत, पण एकाच मार्गावरच्या दोन स्पर्धकांना ते वेगवेगळ्या वर्षी लागले की मधल्या काळात माल रस्त्याकडे सरकतो. तुमच्या अहवालात अशा तारखांचा एक तक्ता असायला हवा: कोणता बोजा कुणावर कधीपासून.

बंदरामागच्या वाहतुकीबद्दल एक इशारा. १९९२ च्या युरोपीय निर्देशात जोडवाहतुकीच्या (रस्ता अधिक जहाज किंवा रेल्वे) सवलतीसाठी बंदराकडचा रस्त्याचा टप्पा सरळ रेषेत १५० किलोमीटरच्या आत हवा, अशी अट आहे. हेतू चांगला: नाममात्र समुद्र आणि बाकी रस्ता असा बनाव होऊ नये. पण नियमित सेवा असलेलं बंदर दोनशे किलोमीटरवर असेल तर खरा माल बाहेर राहतो. अंतराची कडक रेघ मारण्यापेक्षा एकूण प्रवासात रस्त्याचा वाटा किती, हे मोजणं बरं. रेल्वे जोडायची असेल तर बोगद्यांची उंची आणि यार्डातल्या रुळांची लांबी आधी पाहा. युरोपाचं लक्ष्य ७४० मीटरच्या गाडीचं आहे. बंदरातला रूळ ३५० मीटरचा असेल तर प्रत्येक गाडी दोन तुकडे करून आत घ्यावी लागते आणि शंटिंगचा खर्च टोकावरच्या त्या ४४० मध्ये जाऊन बसतो. शिवाय रस्त्यावरचे बहुतेक ट्रेलर क्रेनने उचलता येतील असे बांधलेले नसतात, हे रेल्वेची योजना आखणाऱ्यांना उशिरा कळतं.

अहवालाच्या पहिल्या पानावर काय घालावं असं शेवटी विचारलं आहे. एक मार्ग निवडा, दोन नव्हे, आणि त्यावरच्या एका ट्रेलरचा दारापासून दारापर्यंतचा तासांचा हिशेब मांडा: गेटवर किती, यार्डात किती, कागदांत किती, समुद्रात किती, पलीकडे ट्रॅक्टरची वाट बघण्यात किती. असे तीस-चाळीस ट्रेलर हंगामात आणि हंगामाबाहेर मोजा. सरासरी काढून थांबू नका. सर्वांत उशिरा पोचलेल्या चार-पाच ट्रेलरचं काय झालं ते शोधा, कारण मालधनी करार करताना नेमके तेच धरून बसतो. परतीचा माल किती मिळतो तेही त्याच तक्त्यात घ्या. जाताना १८० आणि येताना ७० ट्रेलर असतील तर जाणाऱ्याचं भाडं येणाऱ्याच्या रिकाम्या जागेचंही ओझं वाहतं, आणि ही तफावत कुठल्याही अनुदानाने भरून निघत नाही. असं असेल तर तो मार्ग सोडून दुसरा घ्या.